बाटलीवरचा चेहरा आणि बाटलीतले तेल

माझ्या पुतणीला गेल्या वर्षी ऑक्टोबरात डेंग्यू झाला. आठ दिवस ताप, त्यांतले चार दिवस रुग्णालयात, आणि पुढे पंधरवडाभर अशक्तपणा. दिवाळीनंतर ती शाळेत जाऊ लागली आणि घरातले सगळे ते दुखणे विसरूनही गेले. जानेवारीत मात्र वेगळेच संकट उभे राहिले. वेणी घालताना कंगव्यात केसांचा गुंता येऊ लागला. न्हाणीघराच्या जाळीवर केस, उशीवर केस, गणवेशाच्या खांद्यावर केस! दहावीचे वर्ष, पण मुलगी अभ्यासाला बसण्याऐवजी आरशासमोर बसू लागली.

अशा गोष्टींचा वास मोबाइलला फार लवकर लागतो. एके दिवशी त्यावर एक चित्रफीत आली. तीत एक प्रसिद्ध नटी सांगत होती की, तिचेही केस असेच गळत होते, पण अमुक तेलाने एकवीस दिवसांत ते पूर्वीपेक्षा दाट झाले. किंमत अठराशे रुपये. आज मागवल्यास नऊशे नव्वद. मुलीने सायकलसाठी साठवलेल्या पैशांतून ती बाटली मागवली आणि दप्तरात लपवून ठेवली. बाटलीवर बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. वास कापराचा होता. महिनाभर लावूनही केस गळतच राहिले, तेव्हा तिने रडत रडत सारे आईला सांगितले.

ती चित्रफीत मग मलाही दाखवण्यात आली. नटी खरी होती, ओठही ठीक हलत होते, पण ती म्हणत होती, "या तेलाने माझी केस वाढली." कोर्टातली केस वाढते, डोक्यावरचे केस वाढतात, हा फरक त्या नटीला ठाऊक नसेल असे मला वाटेना. शोधल्यावर तिची ती मुलाखत मूळ स्वरूपात सापडली. ती एका चित्रपटाबद्दल होती. तेलाचा त्यात उल्लेखही नव्हता. आवाज यंत्राने बनवून वर चिकटवला होता.

माझे थोरले बंधू हे ऐकून एकदम निर्धास्त झाले. म्हणाले, "बरं झालं कळलं. अरे, या मोबाइलवरच्या वस्तू असल्याच! आता खऱ्या कंपनीचं आणतो." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी औषधाच्या दुकानातून दुसरी बाटली आणली. तिच्यावर दुसऱ्या नटीचे छायाचित्र होते, कंपनी नोंदलेली होती, पत्ता होता, आणि ती नटी दूरदर्शनसंचावर रोज संध्याकाळी खरोखरच त्या तेलाची स्तुती करत होती. ही बाटली फेब्रुवारीअखेर सुरू झाली. मे महिन्यात पुतणीच्या कपाळाजवळ दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे नवे केस दिसू लागले. घरात तेलाचा जयजयकार झाला.

हा लेख मी लिहितो आहे तो पहिल्या बाटलीसाठी नव्हे, दुसऱ्या बाटलीसाठी.

नामवंत माणसांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल दोन प्रश्न विचारायचे असतात. पहिला : तो माणूस हे खरेच बोलला काय? दुसरा : तो बोलला असेल, तरी ते त्याला कशावरून कळले? अलीकडे पहिल्या प्रश्नाचा खूप बोलबाला आहे, आणि तो योग्यही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये टॉम हँक्स या अमेरिकन नटाला जाहीर करावे लागले की, दातांच्या विमा योजनेची जाहिरात करणारा तो माणूस मी नव्हे, ते यंत्राने बनवलेले माझे सोंग आहे. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्यावरही तीच पाळी आली. त्यांच्या तोंडी एका खेळाच्या ॲपची शिफारस घातली गेली होती. अशा वेळी त्या व्यक्तीचे स्वतःचे अधिकृत खाते पाहावे, चित्रफितीचा मूळ तुकडा कुठला आहे तो शोधावा, बाटलीवर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक आहे काय ते पाहावे. व्याकरणाच्या चुकांवर मात्र फार काळ विसंबू नका. यंत्रे मराठी शिकत आहेत, आणि काही विद्यार्थ्यांपेक्षा झपाट्याने शिकत आहेत.

पण माझी तक्रार अशी आहे की, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की आपण तपास थांबवतो. "जाहिरात बनावट आहे" असा शिक्का मारला की काम संपले असे आपल्याला वाटते. त्यातून नकळत असा अर्थ निघतो की, जाहिरात बनावट नसती, ती नटी खरोखरच बोलली असती, तर तेल चांगले ठरले असते. माझे बंधू बँकेत नोकरी करतात. खोटी नोट ते बोटाने ओळखतात. त्यांनी नेमका हाच घोटाळा केला. सही खरी निघाली म्हणून त्यांनी मजकूरही खरा धरला.

ही युक्ती काही आजची नव्हे. यंत्राने सोंग वठवण्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी ती अमेरिकेत पूर्ण भरात होती, आणि तिथे तर सारेच खरे होते. न्यूयॉर्क राज्यात, नायगारा धबधब्याच्या परिसरात, सदरलँड नावाच्या कुटुंबात सात बहिणी होत्या. त्या गात असत; पण लोक गाण्यापेक्षा त्यांचे केस पाहायला जमत. सातही जणींच्या केसांची लांबी मिळून ३७ फूट भरते असे सांगितले जाई. १८८० च्या दशकात त्या बार्नम आणि बेली यांच्या सुप्रसिद्ध सर्कशीतही दाखल झाल्या. वडिलांनी ही संधी ओळखली आणि 'सात सदरलँड भगिनींचे केशवर्धक' बाजारात आले. बहिणी दुकानाच्या काचेआड केस मोकळे सोडून बसत, बाहेर गर्दी जमे आणि बाटल्या खपत. या कुटुंबाने त्यावर प्रचंड पैसा मिळवला. १८९० च्या दशकात त्या द्रवाचे रासायनिक पृथक्करण झाले, तेव्हा त्यात मुख्यतः विच हेझेल या झुडपाचे पाणी आणि बे रम नावाचा सुगंधी मद्यार्क निघाला. बाकी किंचित मीठ वगैरे.

इथे फसवणूक कुठे आहे ते नीट पाहा. बहिणी खऱ्या, केस खरे, त्या स्वतः तोंडाने बोलत होत्या, बाटलीवर त्यांच्याच कुटुंबाचे नाव होते. आजचा कुठलाही तपासनीस 'खरी जाहिरात' असाच शेरा देईल. तरीही त्या बाटलीने कोणाच्या डोक्यावर केस उगवतील असे मानायला काडीचाही आधार नव्हता. आणि हे सिद्ध करायला प्रयोगशाळाही नको, त्रैराशिक पुरते.

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस महिन्याला अंदाजे एक सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे १२ सेंटिमीटर वाढतो. (सगळ्या केसांची एका दिवसाची वाढ एकत्र जोडली तर ती तीस मीटरहून अधिक भरते. वर्गात हे गणित अवश्य करा. मुलांचा विश्वास बसत नाही.) पण केस सतत वाढत नाही. त्याचे मूळ काही वर्षे काम करते आणि मग सुमारे तीन महिने विश्रांती घेते. त्यानंतर जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा सुरू होतो. कामाचा काळ साधारणपणे दोन ते सहा वर्षांचा असतो आणि तो मुख्यतः आनुवंशिकतेने ठरतो. सहा वर्षे गुणिले १२, म्हणजे ७२ सेंटिमीटर. केस न कापताही बहुतेक मुलींची वेणी कमरेच्या आसपास येऊन का थांबते, त्याचे उत्तर या गुणाकारात आहे.

आता सदरलँड बहिणी. ३७ फुटांना सातने भागा. सरासरी सव्वापाच फूट, म्हणजे सुमारे १६० सेंटिमीटर. त्याला १२ ने भागले तर तेरा वर्षांहून अधिक. याचा अर्थ त्यांच्या केसांची मुळे तेरा-तेरा वर्षे न थांबता काम करत होती. अशी मुळे सातही बहिणींना लाभली, यावरून ती देणगी रक्तातून आली असे म्हणावे लागते. शिवाय ते केस त्यांच्या डोक्यावर आधी होते, बाटली नंतर आली. उंच माणसाने उंची वाढवणारे चूर्ण विकावे तसाच हा प्रकार. ज्याच्याकडे ती गोष्ट जन्मतःच विपुल आहे, त्याचीच जाहिरातीसाठी निवड होते. नटीचे केस सुंदर असतात म्हणून तिला तेलाच्या जाहिरातीत घेतात. तेलामुळे ते सुंदर झालेले नसतात. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल तुम्ही भौतिकीच्या उत्तरपत्रिकेत केलीत, तर मी एकही गुण देणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. त्या पृथक्करणाने सदरलँडांचा धंदा बसला नाही. तो बसला १९२० च्या दशकात, जेव्हा अमेरिकेतल्या मुलींनी केस आखूड कापायला सुरुवात केली. पुराव्याला जे जमले नाही, ते कात्रीने केले.

पुतणीच्या डोक्याकडे परत येऊ. निरोगी माणसाच्या लाखभर केसांपैकी साधारण दहा टक्के, म्हणजे दहा हजार, कोणत्याही क्षणी विश्रांतीत असतात. ते सुमारे शंभर दिवसांत गळायचे, म्हणजे रोज शंभर. रोज पन्नास ते शंभर केस जाणे हा म्हणूनच रोग नव्हे. पण मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा कडक उपासमार झाली की शरीर जणू काटकसर करते. कामावरची पुष्कळशी मुळे एकदम रजेवर जातात. समजा, दहाऐवजी तीस टक्के गेली. मग शंभर दिवसांत तीस हजार केस, म्हणजे रोज तीनशे! आणि हे केस लगेच गळत नाहीत. विश्रांतीचा काळ संपला की गळतात, म्हणजे तापानंतर दोन-तीन महिन्यांनी. ऑक्टोबरातला डेंग्यू जानेवारीत कंगव्यात दिसतो तो असा. तोवर ताप विस्मरणात गेलेला असतो आणि दोष शाम्पूला, पाण्याला, परीक्षेला दिला जातो.

यातली सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, ही गळती बहुधा आपली आपण थांबते. जुना केस गळतो तोच मुळी खाली नव्याने काम सुरू झाल्यामुळे. म्हणून काही महिन्यांत नवे केस दिसू लागतात. माणूस बाटली कधी विकत घेतो? गळती शिखरावर असताना. शिखरानंतर उतारच असतो. त्या वेळी तेल लावा, ताक लावा किंवा काहीच लावू नका. दोन-तीन महिन्यांनी बरे वाटणारच. आमच्या घरात तर या एका पिकावर चार जणांनी हक्क सांगितला. बंधू म्हणाले, तेल. वहिनी म्हणाल्या, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या. आई म्हणाली, मी रोज आवळा खायला घातला. आणि पुतणीच्या मैत्रिणीचे मत असे की, परीक्षा संपली. पाचवा दावेदार, म्हणजे नुसता काळ, याची बाजू मांडायला मी एकटा होतो, आणि माझ्या डोक्याकडे पाहून माझे कोणी ऐकेना.

हे केवळ एका घरापुरते नाही. २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस थोड्याच दिवसांत हातात येऊ लागले, टक्कल पडू लागले. देशभर बातम्या झाल्या, तज्ज्ञांची पथके आली. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी नमुने तपासून गव्हातील सेलेनियमच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवले. पुढे काही आठवड्यांत त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा केस येऊ लागले. आता कल्पना करा की, त्या आठवड्यांत एखाद्या नामवंताने गावात जाऊन तेल वाटले असते. किती 'खरी' प्रशस्तिपत्रे मिळाली असती! देणारे सगळे प्रामाणिक असते, आणि सगळ्यांचा निष्कर्ष चुकीचा असता.

याउलटही घडते. मार्च २०२५ मध्ये पंजाबात संगरूर येथे टकलावरील मोफत उपचाराच्या शिबिरात डोक्याला काहीबाही लावून घेतलेल्या साठाहून अधिक लोकांना डोळ्यांची आग होऊ लागली म्हणून रुग्णालय गाठावे लागले. तिथे कोणी नट नव्हता. गर्दी हीच शिफारस होती. नामवंताचा चेहरा काय किंवा गर्दी काय, दोन्ही एकच सांगतात : इतरांचा विश्वास आहे. पण लोकांचा विश्वास हा त्या तेलाचा गुणधर्म नव्हे.

'आधी' आणि 'नंतर'च्या छायाचित्रांबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगतो, कारण हा माझ्या विषयाचा भाग आहे आणि प्रयोगासाठी लागणारे साहित्य माझ्याकडे उपजतच आहे. प्रस्तुत लेखकाच्या डोक्याचा मधला भाग गेली काही वर्षे विरळ होत चालला आहे. बी.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी प्रयोगशाळेत एक दुपार घालवली. पहिल्या छायाचित्राआधी मी डोके ओले केले, दिवा बरोबर डोक्यावर टांगला, मान खाली घातली. मग डोके टॉवेलने कोरडे केले, केस आडवे विंचरले, दिवा समोर ठेवून त्यापुढे ट्रेसिंग पेपर लावला, मागे काळा पडदा टांगला आणि मान सरळ ठेवून दुसरे छायाचित्र घेतले. दोहोंत अंतर अर्ध्या तासाचे. ती छायाचित्रे अकरावीच्या वर्गात दाखवली. बहुतेकांनी मधे सहा महिने गेले असावेत असा अंदाज केला. एकाने तर तेलाचे नावही विचारले.

कारणे साधी आहेत. ओले केस पृष्ठताणामुळे एकमेकांना चिकटून झुबके बनतात आणि झुबक्यांमधली त्वचा उघडी पडते. (रंगाचा ब्रश पाण्यातून बाहेर काढल्यावर टोकदार होतो, तीच ही गोष्ट.) डोक्यावरचा दिवा या फटींतून सरळ त्वचेवर पडतो आणि त्वचा चमकते. समोरचा, कागदातून पसरून आलेला प्रकाश मात्र फटींत खोल शिरत नाही, आणि सावल्या मऊ असल्यामुळे काळ्याभोर केसांतला गोरा ठिपका उठून दिसत नाही. काळ्या पडद्यामुळे केसांची कडाही कुठे संपते ते कळत नाही. यात खोटे छायाचित्र एकही नाही. दोन्ही खरी आहेत, डोकेही तेच आहे. म्हणून जोडीची छायाचित्रे दिसली की केस पाहण्याआधी सावल्या पाहा : नाकाची सावली दोन्हींत एकाच बाजूला पडली आहे काय? केस दोन्हींत सारखेच कोरडे आहेत काय? हा प्रयोग शाळेतही करता येईल; विरळ डोक्याचे एखादे सर मिळाले की झाले.

शब्दांचीही अशीच प्रकाशयोजना असते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'केसगळती कमी' आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'तुटण्यामुळे होणारी' असे पुष्कळदा छापलेले असते. भिंग घेऊन वाचा. केस तुटणे आणि केस गळणे या दोन निराळ्या घटना आहेत. गळलेला केस बोटांत धरून पाहा. एका टोकाला पांढरट, टाचणीच्या डोक्याहून लहान गाठ दिसली, तर तो मुळापासून आला. गाठ नसेल तर तो मधेच तुटला. तेलाने कंगव्याचे घर्षण कमी होते, त्यामुळे तुटणे कमी होईल हे मान्य. खोबरेलाबद्दल तर अधिक सांगता येते. २००३ मध्ये मुंबईच्या दोन संशोधकांनी दाखवले की, ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, पण त्यांनी कृती, तुलना आणि मोजमापे छापली. त्यामुळे कोणालाही ती पडताळता येतात. असे असेल तर नटी नसली तरी चालते. मात्र ही सारी गोष्ट त्वचेबाहेरच्या केसाची, म्हणजे निर्जीव तंतूची आहे. केस उगवतो तो त्वचेच्या काही मिलिमीटर खाली, जिवंत पेशींत. तिथले काम खोबरेल करते, असे त्या प्रयोगात कुठेही म्हटलेले नाही.

आपला कायदा याबाबत अगदीच गाफील आहे असे नाही. औषधांच्या १९४५ च्या नियमांत 'जे' नावाची एक अनुसूची आहे. कोणत्या विकारांवर औषधाने उपायाचा दावा करू नये, त्यांची ती यादी. तीत टक्कलही आहे आणि नवे केस उगवणेही आहे. म्हणूनच कित्येक बाटल्या स्वतःला औषध न म्हणवता सौंदर्यप्रसाधन म्हणवतात, आणि 'उगवते' न म्हणता 'उगवण्यास मदत करते' म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने तर शिफारस करणाऱ्यालाही जबाबदार धरले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल त्याला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शिफारस ही त्या व्यक्तीचे प्रामाणिक मत असली पाहिजे, आणि तिला पुरेशी माहिती किंवा अनुभव यांचा आधार हवा.

केरळात एक ग्राहक या मार्गाने गेलाही. त्याने २०१२ मध्ये एक केशवर्धक क्रीम घेतले होते. उपयोग झाला नाही, घरचे-दारचे हसू लागले, तेव्हा त्याने तक्रार गुदरली. २०२० च्या अखेरीस त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने कंपनीला दहा हजार आणि जाहिरातीतल्या नटाला दहा हजार दंड केला. सुनावणीत नटाने कबूल केले होते की, ते क्रीम त्याने वापरलेलेच नाही; तो आईने घरी बनवलेले तेल लावतो. ही बातमी वाचून पुष्कळांना आनंद झाला. मला अर्धाच झाला. समजा, त्याने ते क्रीम सहा महिने इमानाने लावले असते आणि खुशीने शिफारस केली असती. कायद्याचे समाधान बहुधा झाले असते. विज्ञानाचे झाले नसते. एका डोक्याचा अनुभव, मग ते डोके कितीही प्रसिद्ध असो, एकच डोके असते.

मग पुरावा म्हणजे काय? मिनॉक्सिडिलचे उदाहरण घ्या. हे मुळात रक्तदाबाचे औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर केस वाढू लागले, तेव्हा डॉक्टरांच्या मनात आले की ते डोक्याला लावून पाहावे. तिथेही जाहिरात करून मोकळे होता आले असते. पण चाचण्यांमध्ये काही जणांना औषधाचा द्रव दिला आणि काहींना औषध नसलेला, पण तसाच दिसणारा द्रव. कोणाला काय दिले ते लावणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि केस मोजणाऱ्यालाही. गंमत अशी की, नुसता द्रव लावणाऱ्यांतही केस वाढल्याचे सांगणारे निघाले! औषधाच्या गटाने त्यांच्यापेक्षा किती अधिक केस मिळवले, तेवढेच औषधाचे श्रेय. त्यावर १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला टकलासाठी मान्यता मिळाली, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या इतर केशवर्धकांना पुराव्याअभावी बाजाराबाहेर काढण्याचा नियम केला. मिनॉक्सिडिल सर्वांना लागू पडत नाही, आणि लावणे थांबवले की मिळालेले केस काही महिन्यांत परत जातात. शाळकरी वयात ते आपल्या मनाने लावायचेही नसते. खरे औषध आपल्या मर्यादा सांगते. एकवीस दिवसांचे आश्वासन देत नाही.

हे सगळे मी पुतणीला उन्हाळ्याच्या सुटीत, गच्चीवर पापड वाळत घालताना सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि मग विचारले, "पण काका, माझे केस तेलाने आले नाहीत हे तरी तुम्हाला कसं कळलं?"

मी जरा गप्प बसलो. प्रश्न बिनतोड होता. तापानंतर बहुतेकांचे केस तेलाशिवाय परत येतात, हे मी सांगू शकत होतो. पण तिच्या डोक्यावर तेलाने दोन-चार केस अधिक आले की नाही, हे मलाही ठाऊक नव्हते आणि कोणालाच असणे शक्य नव्हते. कारण तेल न लावलेली, बाकी सर्व बाबतींत तिच्यासारखीच दुसरी पुतणी मला नाही. मी तसे कबूल केले. ती म्हणाली, "म्हणजे बाबांना माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही आणि त्या नटीलाही माहीत नाही. मग कंपनीला विचारू या."

तिने स्वतः पत्र लिहिले. तीन प्रश्न : या तेलाची चाचणी किती जणांवर केली? त्यांच्याबरोबर हे तेल न लावणारे किती जण होते? आणि केस मोजणाऱ्याला, कोणी कोणते तेल लावले आहे, हे माहीत होते काय? मी फक्त शुद्धलेखन तपासले. शिक्षकमित्रांनी विज्ञानाच्या तासाला प्रत्येक मुलाकडून असे एक पत्र, त्याच्या घरातल्या कुठल्याही बाटलीबद्दल, लिहून घ्यायला हरकत नाही. मराठीचे गुणही त्यातच देता येतील.

उत्तर सहा आठवड्यांनी आले. गुळगुळीत कागद, वर त्याच नटीचे हसरे छायाचित्र. आमच्या उत्पादनावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार मानले होते, आणि पुढच्या खरेदीवर वीस टक्के सवलतीचे कुपन जोडले होते. तीन प्रश्नांपैकी एकाचाही उल्लेख नव्हता. पुतणीने ते कुपन पत्राच्या प्रतीला टाचणी लावून दप्तरात ठेवले आहे. तिला ते अकरावीच्या वर्गात दाखवायचे आहे.